बटाट्यावर टाकायचं ३० जीएसएम फ्लीस: घ्या, पण रुंद बघून घ्या

५ पैकी ४ स्टार. फ्लीस म्हणजे थंडीपासून झाडं झाकायचं पातळ पांढरं कापड, आणि जीएसएम म्हणजे त्याचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन. इकडे इंग्लंडमध्ये अलॉटमेंट, म्हणजे भाजी लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा, घेतलेल्या मराठी मंडळींचा दरवर्षी मार्च आला की हाच प्रश्न असतो, बटाटे लावले तर थंडीने जातील का, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. माझा प्लॉट लेस्टरजवळ आहे, तिथे मी रॉकेट आणि ॲरन पायलट या जातींचे बटाटे लावते, दोन्ही लवकर येणारे. फेब्रुवारीत बेण्याचे बटाटे कोंब यायला अंड्यांच्या ट्रेमध्ये डोळे वर करून उजेडात ठेवायचे, मार्चअखेर लावायचे आणि साधारण १० ते १२ आठवड्यांत काढायचे. इतकी घाई कशाला तर जूनच्या पुढे करप्याची, म्हणजे पाला करपवणाऱ्या बुरशीच्या रोगाची, भीती वाढते आणि हे बटाटे बहुतेक वेळा त्याआधी निघतात, शिवाय आषाढीच्या उपवासाला घरचा कोवळा बटाटा सालासकट जिरं-मिरचीत परतलेला मिळतो, त्याची सर दुकानातल्याला नाही.

अडचण एकच, कोंब एप्रिलमध्ये वर येतात आणि मिडलंड्समध्ये, म्हणजे लेस्टरसकट इंग्लंडच्या मधल्या भागात, फ्रॉस्ट (रात्री गोठवणारं दहिवर) मेच्या मध्यापर्यंत कधीही पडू शकतो. आकाश निरभ्र आणि वारा अजिबात नाही अशी रात्र असली की फ्रॉस्ट पडणार असं समजायचं, कारण जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते, ढग असले तर ती थोडी अडते. फ्लीस तेच काम करतं. निफाडकडे कडाका पडला की द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात आणि पाणी देतात, त्यातली पाण्याची युक्ती इथेही चालते, थंडीचा अंदाज असेल तर दुपारीच माती ओली करून ठेवा, ओल्या मातीत दिवसाची ऊब जास्त साठते.

आता फ्लीसबद्दल. बाजारात १७ जीएसएमचं हलकं स्वस्तात मिळतं, ते एखाद-दोन अंशांपुरतं ठीक आहे पण वाऱ्यात फार लवकर फाटतं. ३० जीएसएमचं जाड आहे, जास्त थंडी झेलतं, उजेड थोडा कमी येतो पण बटाट्याला तेवढ्याने काही होत नाही, पाऊस आणि हवा आतून जाते त्यामुळे पाणी घालायला रोज उघडावं लागत नाही. रुंदी मात्र २ मीटरच्या खाली घेऊ नका!! दीड मीटरचं कापड कमानीवरून टाकलं की कडेला दाबायला काही उरतच नाही आणि कड उघडी राहिली तर सगळं फुकट.

कमान हवीच, हे मी आवर्जून सांगते. कापड पानांना टेकलं की नेमकी टेकलेली पानंच काळी पडतात. २० मिमीचा निळा पाण्याचा पाइप कापून दोन्ही टोकं जमिनीत रोवलेल्या बांबूच्या काठ्यांवर बसवली की झाली कमान. फ्लीससोबत विकतात त्या प्लॅस्टिकच्या खुंट्या मला पटल्या नाहीत, कापडाला भोक पडतं आणि तिथूनच ते चिरत जातं, त्यापेक्षा कडेवर विटा ठेवा किंवा मातीच ओढा.

आणि हो, फ्लीस आहे म्हणून भर देणं, म्हणजे झाडाच्या बुडाशी माती ओढणं, सोडू नका. कोंब छोटे असतील तर माती ओढून पूर्ण झाकून टाकणं हा अजूनही सगळ्यात भरवशाचा आणि फुकटचा उपाय आहे, फ्लीस खरं उपयोगी पडतं ते झाड वीतभर वाढल्यावर, जेव्हा मातीत झाकता येत नाही तेव्हा. समजा एखाद्या रात्री पाला काळा पडलाच तरी उपटू नका, खालच्या बटाट्यातून परत फुटवे येतात, पीक थोडं मागे पडतं इतकंच. ऊन तापलं की दोन्ही टोकं उघडायची, संध्याकाळी बंद, आणि आत तणही जोरात वाढतं तेव्हा मधूनमधून उचलून बघा.

एक स्टार कापलाय तो तुकड्यांसाठी. हे शेवटी पॉलिप्रॉपिलीनचं प्लॅस्टिक आहे, उन्हाने विरत जातं आणि मग त्याचे पांढरे धागे मातीत मिसळतात, ते मला मनापासून खटकतं. म्हणून फ्रॉस्टचे दिवस संपले की लगेच काढा, पाण्यातून काढून पूर्ण वाळवा आणि शेडमध्ये झाकणाच्या डब्यात ठेवा, नुसतं कोपऱ्यात गुंडाळून ठेवलं तर उंदीर त्यात घर करतात.