जाहिरात न आलेल्या नोकरीपायी मी कशी फसले

अकरा वर्षं नोकरी केलीये, स्वतः इंटरव्ह्यू पण घेतलेत, तरी फसले. नोकरी सुटून चार महिने झालेले, पोर्टलवर अर्ज टाकून टाकून कंटाळा आलेला, आणि त्यात एका भरती एजन्सीवाल्याचा मेसेज आला की मॅडम तुमचा बायोडेटा बघितला, चांगल्या पोस्टची जाहिरात कधी येतच नाही, ८० टक्के जागा आतल्या आत भरतात, आमच्याकडे त्या असतात.

आता हे धड खोटंही नाही ना. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये २८२ जणांचा अभ्यास केला होता, १९७४ साली तो छापून आला, त्यात निम्म्याहून जास्त लोकांना नोकरी ओळखीतून लागलेली निघाली, तीही जिवलग मित्रांच्या नाही तर जास्त करून अधूनमधून भेटणाऱ्यांच्या ओळखीतून. म्हणजे ओळखीने नोकऱ्या लागतात हे खरंच. पण त्या ८० टक्क्यांचा आधार मी नंतर शोधत बसले, प्रत्येक जण दुसऱ्याचं ऐकून सांगतोय एवढंच कळलं.

मग फोनवर इंटरव्ह्यू झाला, प्रश्न अगदी माझ्याच कामातले, म्हणून विश्वास बसला. मग तो म्हणाला, त्या पोस्टवर सध्या माणूस बसलाय, त्याला काढायचंय पण अजून माहीत नाही, तुम्ही कंपनीत फोन केलात तर बोभाटा होईल आणि तुमचं नाव कटेल. खरी गोम इथेच आहे. अशी गुपचूप भरती खरोखर होते त्यामुळे मला ते पटलं, आणि चौकशी करायची एकमेव वाट मी आपणहून बंद करून घेतली!

मग पैसे. आधी रजिस्ट्रेशन, मग बॅकग्राउंड चेक, मग ‘रिफंडेबल’ डिपॉझिट, दरवेळी थोडेच, आणि आधीचे वाया जाऊ नयेत म्हणून पुढचे भरत गेले. एजन्सी कंपनीसाठी माणूस शोधत असेल तर तिची फी कंपनी देते हे मला माहीत होतं हो, पण गरज असली की माहीत असलेलं आठवत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा १८१ नंबरचा करार आहे, खासगी एजन्सीने उमेदवाराकडून थेट किंवा आडून फी घेऊ नये असं त्यात म्हटलंय, थोडे अपवाद आहेत आणि सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, पण निदान असं काही आहे हे ठाऊक असावं.

ऑफर लेटर आलं ते बघून जुन्या ऑफिसातला एक जण म्हणाला, ईमेलच्या पत्त्यात कंपनीच्या नावापुढे ही आडवी रेघ आणि ‘करिअर्स’ कुठून आलं? मग कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर घेऊन फोन लावला, फक्त एवढंच विचारलं की ह्या नावाची एजन्सी तुमच्यासाठी भरती करते का. पोस्टचं नाव सुद्धा घ्यावं लागलं नाही. नाही म्हणाले. दोन मिनिटांचं काम होतं, आणि त्यात कुणाचं गुपित फुटत नव्हतं, हे आधी सुचलं असतं तर.

बँकेला त्याच रात्री कळवलं, पण पैसे मी स्वतःच पाठवलेले असल्याने परत मिळणं अवघड आहे म्हणाले. तक्रार दिलीये. पैशांपेक्षा जास्त घोर पासपोर्टच्या कॉपीचा आणि सहीचा लागलाय, ते दोन्ही मी पहिल्याच दिवशी पाठवलं होतं.