650 ग्रॅमची कोकोपीट वीट: कलमांना उत्तम, कुंडीभर नको

जळगाव-धुळ्याकडच्या कृषी केंद्रांत मिळणारी ही कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या दाबलेल्या भुशाची, वीट मुळात मिरची-टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये करणाऱ्यांसाठी. घरातल्या झीझी, स्नेक प्लांटसारख्या संथ झाडांना चालते का? कलमांना चालते, मोठ्या झाडाला एकटी नाही.

तीन लिटर पाण्यात ठेवली की अर्ध्या तासात फुगून साधारण आठ लिटर भुसा होतो. भुसा बारीक, धागे कमी. वेष्टनावर ‘धुतलेलं’ छापलंय, त्यावर जाऊ नका. भिजलेलं मूठभर कोकोपीट पिळून ते पाणी टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) मोजा, भिजवायला घेतलेलंही मोजा. फरक 300 पीपीएमच्या वर गेला तर क्षार उरलेत. ही वीट दोनदा धुवावी लागते. पिळलेलं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं, तो क्षारांचा रंग नव्हे. रंग गेला म्हणजे क्षार गेले असंही नाही. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचं धुणं पावसाच्या किंवा आरओच्या शुद्ध पाण्याने करा. आणि हो, कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी काटकसर म्हणून झाडांना घालू नका. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच साठत राहतात.

कलमांसाठी मात्र पैसे वसूल. झीझीचं पान देठाच्या बुडाशी धरून काढा, दोन दिवस सावलीत सुकू द्या, मग तळाला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पेल्यात जेमतेम एक सेंटिमीटर खोचा. ओल इतकीच, की मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब पडावा. महिना-दोन महिन्यांत पानाच्या बुडाला हरभऱ्याएवढा बटाट्यासारखा कंद धरतो. नंतर पान पिवळं पडलं तरी फेकू नका, कंद जिवंत असतो. पहिला कोंब यायला सहा महिने ते वर्षही लागतं. एवढा धीर नसेल तर जुन्या कुंडीतले कंद मुळांसकट वेगळे करून लावा.

स्नेक प्लांटच्या पानाचे तीन-चार इंचांचे तुकडे करताना खालच्या टोकाला खूण करा. उलटा खोचलेला तुकडा मुळं धरत नाही. पिवळ्या काठाची जात हवी असेल तर पान-कलम करूच नका, फूट निव्वळ हिरवी येते. तिथे बाजूचा फुटवाच काढावा लागतो. मे महिन्यात, पारा 44 वर असताना, यातलं काहीच करू नका. जुलै-ऑगस्ट बरा.

आता कुंडी. वेष्टनावर ‘सर्व घरगुती झाडांसाठी थेट वापरा’ म्हटलंय, आणि नुकसान होतं ते इथेच. उन्हाळ्यात वरचा थर दुपारपर्यंत फिका, कोरडा दिसतो. तळाशी चिखल असतो. संथ झाड पाणी पितंच कमी, वरून आपण रोज घालतो, मग कंद मऊ पडून सडतो आणि ओलीवर चिलटं जमतात. आपली काळी माती मिसळणं हाही उपाय नाही. ती सुकली की आक्रसते, कुंडीच्या कडेला फट पडते आणि पाणी मुळांना न भिजवता थेट खाली जातं.

चालणारं मिश्रण असं: दोन भाग कोकोपीट, दोन भाग हरभऱ्याएवढे मातीच्या विटांचे तुकडे किंवा चाळलेली जाडी वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं खत. विटांचे तुकडे भट्टीवर मिळतात, पण आधी त्यांची धूळ धुऊन टाका, नाहीतर तीच तळाची भोकं बुजवते. कोकोपीटच्या एका विटेत आठ इंची पाच कुंड्या भरतात. पाणी बोटाने नाही, कुंडी उचलून वजनावरून ठरवा.

पाचपैकी साडेतीन. एक गुण कापला ‘धुतलेलं’साठी, अर्धा ‘थेट वापरा’साठी.