मातीचा गिलावा, चुन्याचा गिलावा की टेक्श्चर पेंट? सोलापुरातल्या घरासाठी

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड या भागात नवा फ्लॅट किंवा रो-हाउस घेणाऱ्यांकडून हल्ली एक प्रश्न हमखास येतो: हॉल मातीच्या धाटणीचा करायचाय, तर खरी माती लिंपावी, चुना करावा की सरळ मातीसारखा दिसणारा टेक्श्चर पेंट मारून मोकळं व्हावं?

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. माती लावली म्हणून खोली थंड होत नाही. जुनं माळवदाचं घर थंड राहायचं ते दीड-दोन फुटी भिंतींमुळे आणि लाकडी तुळयांवरच्या पांढऱ्या मातीच्या जाड थरामुळे. दुपारचं ऊन भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र व्हायची, आणि तोवर माणसं अंगणात किंवा माळवदावर निजलेली असायची. आपल्या फ्लॅटची भिंत सहा इंची, त्यावर माती पाऊण इंच. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ही पाऊण इंच माती काय करणार? शेवटच्या मजल्यावर राहत असाल तर निम्मा ताप स्लॅबमधून येतो. पहिला पैसा गच्चीवर पांढरा थर द्यायला आणि पश्चिमेच्या खिडकीबाहेर बांबूच्या काड्यांची चिक टांगायला घाला. भिंतीचं नंतर बघू.

मग माती लावायची कशासाठी? दोन गोष्टींसाठी. एक, ती दुपारचा झगझगाट खाते. पांढऱ्या प्लास्टिक पेंटवर आपटून डोळ्यांत येणारा उजेड मातीच्या भिंतीवर मऊ होतो, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ही काही लहान गोष्ट नाही. दुसरी गोष्ट सप्टेंबरमध्ये कळते. सोलापूरचा खरा पाऊस तेव्हाचाच. माती हवेतली ओल थोडी शोषते आणि हवा कोरडी झाली की परत सोडते. चुनाही हे करतो, पण कमी. प्लास्टिक पेंट जवळजवळ नाहीच.

आता माती आणि चुना समोरासमोर ठेवू.

माती कुठली, यावर निम्मं काम ठरतं. शेतातली काळी आणू नका. ती पाण्याने फुगते, वाळली की आकसते, आणि भिंतीवर शेतातल्यासारख्याच भेगा पडतात. पांढरी किंवा तांबूस माती चाळून घ्यायची, त्यात वाळू आणि गव्हाचा भुसा मिसळायचा, आठवडाभर ओली ठेवून मुरू द्यायची. प्रमाण पुस्तकातलं चालत नाही, कारण प्रत्येक खाणीची माती वेगळी. दोन बाय दोन फुटांचे तीन तुकडे वेगवेगळ्या वाळूने लिंपून बघा. ज्याला भेग पडत नाही आणि हात फिरवला तर भुकटी निघत नाही, तो घ्या. चांगला गवंडी सौंदर्यावर बोलायच्या आधी एकच विचारतो, “भिंतीला पुट्टी मारलीय का ते सांगा आधी.” पुट्टी किंवा पेंट असेल तर खरवडून टाचे, म्हणजे छोट्या खाचा, मारल्याशिवाय ना माती धरते ना चुना. ही मजुरी अंदाजपत्रकात कुणीच धरत नाही.

चुन्याचं काम संथ. कळीचा चुना विरवायचा, गाळायचा, निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्यायचा, मग वाळू किंवा विटांची सुरखी घालून गिलावा करायचा. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत महिनोन्‌महिने घट्ट होत राहतो. मधले काही दिवस भिंत ओलसर ठेवावी लागते. इथे सोलापूरचा प्रश्न येतो. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येत असेल, तर भिंतीवर मारायला पाणी आणणार कुठून? बोअरचं खारं पाणी वापरलंत तर पुढे लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटू शकतो. मातीला असं पाणी मारत बसावं लागत नाही, तिला फक्त सावलीत हळू वाळू द्यायचं. या एका मुद्द्यावर आपल्या गावात मातीचं पारडं जड आहे.

बाकी बऱ्याच ठिकाणी चुना पुढे. ओल्या हाताचा, शिंतोड्यांचा, स्वयंपाकघरातल्या वाफेचा त्रास तो सोसतो, बुरशीला जवळ येऊ देत नाही, खोलीत उजेड ठेवतो. मातीची भिंत तपकिरी, त्यामुळे एकाच खिडकीची खोली पावसाळ्यात दुपारीच संध्याकाळ झाल्यासारखी दिसते. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर माती अजिबात नको. तिथे पाझर झाला की भुश्यापाठोपाठ वाळवी येते.

दुरुस्तीत मात्र माती जिंकते. लिंपून उरलेला कोरडा माल गोणीत भरून ठेवा. सोफ्याचा कोपरा लागून टवका उडाला की मूठभर माल वाटीत भिजवायचा, जागा ओल्या स्पंजाने पुसायची, बोटाने भरायचं आणि वाळत आलं की पुन्हा स्पंज फिरवायचा. दुसऱ्या दिवशी जागा शोधून सापडत नाही. चुन्याला ठिगळ दिसतंच.

टेक्श्चर पेंटबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तो रंग आहे, माती नाही, आणि त्याच्या खाचांत इथली धूळ बसते. भाड्याचं घर असेल किंवा काम चार दिवसांत हवं असेल तर खुशाल मारा.

भिंती झाल्या, आता जमीन. तिचं उत्तर आपल्याला रेल्वेमार्गावरच मिळतं. शहाबाद कलबुर्गीच्या पुढे, फार लांब नाही, त्यामुळे शहाबादी फरशी इथे राजस्थानातल्या कोटा फरशीपेक्षा घरची. आता खरं सांगायचं तर पायाला गारवा व्हिट्रिफाइड टाइल्सही देतात, त्यात शहाबादीचं वेगळेपण फारसं नाही. फरक चकाकीत आणि वय होण्यात आहे. करडी फरशी वापराने गुळगुळीत होत जाते, टाइल पहिल्या दिवशी असते तशीच राहते. पण शहाबादी हा चुनखडक. लिंबू, चिंच, संडास धुवायचं ॲसिड सांडलं की पांढरा डाग कायमचा. स्वयंपाकघरात टाइल्स, हॉलमध्ये शहाबादी, अशी वाटणी मला पटते. शेणाने सारवलेली जमीन फ्लॅटमध्ये हौस म्हणून ठीक, पण ती दर आठवड्याला हात मागते. आणि तळमजला सोडला तर कुठल्याच फरशीला खालच्या जमिनीचा गारवा नसतो.

ऋतू खोलीत आणायचा तर भिंतीपेक्षा फरशीकडे बघा. चैत्र लागला की सगळं उचलून फरशी उघडी करायची, कोपऱ्यात माठ, खिडकीला वाळ्याचा पडदा. हवा कोरडी असते तोवर हे दोन्ही झकास चालतात. मृगाचा पाऊस पडून दमटपणा आला की त्यांचा जोर संपतो, तेव्हा पडदा वाळवून गुंडाळून ठेवा, नाहीतर बुरशी धरेल. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत थंडी जाणवते, तेव्हा त्याच फरशीवर घोंगडं आणि दिवाणावर सोलापुरी चादर. यासाठी नवा गालिचा कशाला? मातीची भिंत करणार असाल तर तिच्यात एक कोनाडा ठेवून घ्या आणि त्यात कायमची शोभेची वस्तू कोंबू नका. संक्रांतीला सुगडं, भाद्रपदात शाडूचा गणपती, नवरात्रात घट, मधले महिने रिकामा.

मला विचाराल तर हॉलमधली एकच, आतली, कोरडी भिंत मातीची करा. बाकी भिंतींना पातळ चुन्याचा हात (सफेदी) द्या, आणि पाण्याची सोय असेल तरच पूर्ण चुन्याचा गिलावा. काम दिवाळीनंतर सुरू करून माघापर्यंत उरका. एप्रिल-मेमध्ये माती एका दुपारीत वाळून तडकते, पावसाळ्यात आठवडाभर ओली राहते. कसबी गवंडी मोजकेच आहेत आणि दसऱ्याच्या सुमारास त्यांच्या तारखा भरतात, म्हणून बोलणी श्रावणातच करून ठेवा.