पोटाला डोळा समजणारा कॅमेरा : मिररलेस घेतल्यानंतरचे आठ महिने

जुना डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, गेला तो भर कार्यक्रमात. भाचीचा नाच रंगात आलेला, मी बटण दाबलं, ‘खट्’ झालं आणि आरसा वरच अडकून बसला. व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, मिट्ट काळोख. बॅटरी काढून घातली, लेन्स काढून लावली, कॅमेऱ्याला चार शब्द सुनावले. ढिम्म.

सर्व्हिस सेंटरने नऊ दिवस ठेवून घेतला आणि शटर युनिट बदलावं लागेल म्हणून सांगितलं. जो खर्च सांगितला त्यात त्याच मॉडेलच्या दोन सेकंडहँड बॉड्या (लेन्स सोडून नुसते कॅमेरे) आल्या असत्या. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. नको म्हटलं, तर तपासणीचे पैसे भरा म्हणाले. तपासणी कसली, तर फॉर्मवर मीच लिहिलेलं ‘आरसा वर अडकतो’ हे वाक्य त्यांनी टाइप करून परत दिलं होतं. काउंटरवर अर्धा तास वाद घालून मी ते शुल्क निम्म्यावर आणलं. भरलं मात्र. पदरात पडला तो फक्त शटर काउंट, म्हणजे आजवर काढलेल्या फोटोंचा आकडा : १ लाख ३८ हजार. या वर्गातलं शटर साधारण एक लाखापर्यंत टिकेल असं धरलेलं असतं. म्हणजे बिचाऱ्याने वरचे अडतीस हजार फोटो फुकटात काढून दिले होते.

आता नवा घ्यायचा की तोच सेकंडहँड? माझ्याकडे याचं उत्तर वहीत होतं. दोन वर्षं मला एक सवय लागली होती. मनात होता तसा फोटो आला नाही की तो का हुकला ते एका ओळीत लिहून ठेवायचं. एकूण ४७ नोंदी झाल्या होत्या. त्यातल्या १९ वेळा मी बटण उशिरा दाबलं होतं. ११ वेळा शटर स्पीड चुकीचा, तोही मीच ठेवलेला. ६ वेळा कॅमेरा घरी राहिला होता आणि ४ वेळा लेन्स तोकडी पडली होती. कॅमेऱ्याच्या माथी मारता येतील अशा नोंदी फक्त ७, आणि सातही एकाच जातीच्या : मंद उजेड, हलणारा माणूस, आणि फोकस पुढे-मागे घुटमळत बसलेला.

‘मेगापिक्सेल कमी पडले’ अशी एकही नोंद नव्हती. असणार तरी कशी? जुना १२ मेगापिक्सेलचा. ए-फोर कागदावर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, म्हणजे ८.७ मेगापिक्सेल. फोर-के स्क्रीन भरायला तर ८.३ पुरतात. आणि १२ चे २४ झाले म्हणजे फोटो दुप्पट मोठा होतो हा भ्रम आहे. रुंदी सुमारे ४३०० पिक्सेलवरून ६००० वर जाते, म्हणजे जेमतेम ४० टक्के वाढ. मोठी होते ती हार्ड डिस्कची भूक.

‘अंधारात फोटो खराब येतात म्हणून बॉडी बदलतेय’ असं कोणी म्हटलं की मी आधी लेन्स विचारते. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणारी, झूम केली की एफ ५.६ वर येते; हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. साधी ५० मिमी एफ १.८ तिच्या साडेनऊपट उजेड आत घेते, म्हणजे सव्वातीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). माझ्या जुन्या आणि नव्या सेन्सरमध्ये मला जो फरक दिसतो तो एक-दीड स्टॉपचा. हिशेब ज्याचा त्याने करावा. ती लेन्स माझ्याकडे आधीपासून होती, तरीही ते सात हुकले होते, म्हणून नवी बॉडी घेतली, मिररलेस : आत आरसा नाही, व्ह्यूफाइंडरमध्येही छोटा स्क्रीनच. नाहीतर घेतली नसती.

आणि त्या सातांचा प्रश्न खरंच सुटला. डोळा ओळखून फोकस धरणं ही गोष्ट मी जाहिरातबाजीत जमा केली होती. पहिल्याच कार्यक्रमात भाची गिरक्या घेत होती, तोंड फिरवून परत वळली तरी चौकोन तिच्या डोळ्यावर. मी गप्प बसले.

आता मुख्य तक्रार. व्ह्यूफाइंडरच्या काठाशी एक इवला सेन्सर आहे. डोळा जवळ आला की मागचा स्क्रीन बंद करून चित्र व्ह्यूफाइंडरमध्ये न्यायचं, एवढंच त्याचं काम. मी निम्मे फोटो स्क्रीन बाहेर ओढून, कॅमेरा पोटाशी धरून काढते : लहान मुलं, फुलं, जमिनीलगतचं काहीही. हा सेन्सर माझ्या पोटाला डोळा समजतो. स्क्रीन काळा. कॅमेरा पुढे धरला की चित्र येतं, जवळ घेतला की जातं. पट्टा लोंबकळला तरी काळा, अंगठा गेला तरी काळा. बटण दाबून ‘फक्त स्क्रीन’ करता येतं, पण मग डोळ्याला लावल्यावर आत काळोख, की पुन्हा बटण. वैतागून सेन्सरवर चिकटपट्टी लावली. त्याला वाटलं डोळा कायमचाच आला, स्क्रीन उघडेचना! नवरा म्हणाला, “अगं, पोट आत घे.” एवढी बुद्धी त्या डोळे ओळखणाऱ्या प्रोसेसरला आहे, आणि स्क्रीन उघडून ओढलाय म्हणजे ही बाई व्ह्यूफाइंडरमध्ये बघत नाहीये, हे त्याला कळू नये?

इथवरचं मी तिसऱ्या महिन्यात लिहून ठेवलं होतं. तेव्हा याच्यापुढे बॅटरीवर एक संतप्त परिच्छेद होता, तो काढून टाकलाय. सिपाच्या (कॅमेरा कंपन्यांच्या जपानी संघटनेच्या) मोजणीत याचा आकडा एका चार्जला ३५० च्या आसपास, जुन्याचा हजाराच्या घरात. पण ती मोजणी थांबून-थांबून काढलेल्या फोटोंची असते. सलग कार्यक्रमात मला सातशेच्या वर मिळतात. दुसरी बॅटरी घेतली ती बहुतेक वेळा बॅगेतच असते. घाईने घेतली, हे कबूल.

खर्चाचं शेपूट मात्र कोणी आधी सांगत नाही. लेन्स जुन्या माउंटच्या, म्हणजे नव्या बॉडीच्या खोबणीत न बसणाऱ्या, म्हणून मध्ये जोडायला अडॅप्टर. रॉ फाइल (सेन्सरचा कच्चा, न दाबलेला फोटो) मोठी, म्हणून वेगवान कार्ड. एकदाच पैसे मोजून घेतलेल्या माझ्या जुन्या सॉफ्टवेअरला नवी रॉ फाइल ओळखताच येत नाही. त्यावर रॉ फाइल डीएनजी या सर्वसाधारण प्रकारात बदलून देणारा ॲडोबीचा फुकट डीएनजी कन्व्हर्टर आहे, पण दर वेळी एक पायरी जास्त. अडॅप्टरवर माझी एक लेन्स ऑटोफोकस करतच नाही, कारण तिला फिरवणारी मोटर जुन्या बॉडीत होती. ही गोष्ट मी घेण्याआधी दोन मिनिटं शोधली असती तर कळली असती. शोधली नाही. माझीच चूक.

मग ती लेन्स जुन्या कॅमेऱ्याला परत लागली. हो, तो जिवंत झाला. एका ओळखीच्या मेकॅनिकने भंगारातल्या बॉडीचं शटर काढून त्यात बसवलं, सर्व्हिस सेंटरने सांगितल्याच्या पाचव्या हिश्श्यात. उन्हातल्या, उभ्या राहून काढायच्या फोटोंना मी अजूनही तोच उचलते. कॅमेरा बंद असला तरी व्ह्यूफाइंडरमधून समोरचं दिसतं, याची किंमत नव्यामुळे कळली.

सहाव्या महिन्यात फर्मवेअरचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचा, अपडेट आला. यादीत सर्वात शेवटी एक ओळ : स्क्रीन बाहेर ओढलेला असताना आय सेन्सर बंद ठेवण्याचा पर्याय. मी खुर्चीतून उठलेच. लगेच रागही आला, की हे पहिल्या दिवशी द्यायला काय झालं होतं. पण तो पर्याय चालतो, चोख चालतो, आणि पट्टीचा चिकटपणा अजून व्ह्यूफाइंडरच्या रबरावर आहे, तो निघत नाही.

वही चालू आहे. नव्या कॅमेऱ्याच्या आठ महिन्यांत १४ नोंदी. फोकस हुकल्याची १. ‘पडदा काळा’ ५, सगळ्या अपडेटच्या आधीच्या. बटण उशिरा दाबल्याच्या ७. उरलेली कालची : कार्ड घरी कॉम्प्युटरमध्येच राहिलं.