फोर्ड एफ-150 गॅसवर (म्हणजे पेट्रोलवर), हायब्रिड की शेवरले सिल्व्हराडो डिझेल?

टेक्सासमधल्या आपल्या मंडळींपैकी कुणी ट्रक घ्यायचं काढलं की पहिला प्रश्न ठरलेला: ॲव्हरेज किती देतो? सहा वर्षं मी ह्यूस्टनजवळच्या केटीत फुल-साइझ ट्रक चालवतोय. प्रश्न योग्यच आहे, पण मैल प्रति गॅलन या आकड्यावर निर्णय घेऊ नका. वर्षाला किती गॅलन जळणार ते मोजा.

12,000 मैल धरू. 2021 च्या फोर-व्हील-ड्राइव्ह एफ-150 चे ईपीएचे (अमेरिकेची पर्यावरण संस्था) शहर-हायवे एकत्रित मैल प्रति गॅलन आकडे असे: 5.0 लिटर व्ही-8 ला 19, 2.7 लिटर इकोबूस्टला (लहान टर्बो इंजिन) 21, हायब्रिडला 24. म्हणजे वर्षाला 632, 571 आणि 500 गॅलन. (आपल्या सवयीच्या हिशेबात 21 म्हणजे लिटरला जेमतेम 9 किलोमीटर.) गॅस गॅलनला 3 डॉलरने धरला तर 2.7 आणि हायब्रिडमध्ये वर्षाकाठी 213 डॉलरचा फरक पडतो. हायब्रिडला दोन-तीन हजार जास्त मोजले असतील, तर नुसत्या गॅसमधून ते वसूल व्हायला साधारण साडेनऊ ते चौदा वर्षं लागतील.

हायवेला तर दोघंही 24 च देतात. सगळा फरक शहरात आहे, 19 आणि 24 चा. त्यामुळे रोज सिग्नलला अडकत ऑफिस गाठणाऱ्याने हायब्रिड जरूर बघावा. शिवाय त्याचा हौदा बघा. 7.2 किलोवॉटचा पर्याय घेतलेला असेल तर तिथे नेहमीच्या प्लगांशेजारी 240 व्होल्टचा मोठा गोल प्लग दिसेल. फेब्रुवारी 2021 च्या बर्फात टेक्सासची वीज गेली, तेव्हा या ट्रकवर लोकांनी घरातले हीटर चालवले. माझ्या घरात त्या दिवसांत लहान मूल होतं, म्हणून मला या प्लगची किंमत गॅसच्या बचतीपेक्षा जास्त वाटते. जुना ट्रक घेताना नीट पाहा, साध्या हायब्रिडवर 2.4 किलोवॉटच मिळतात.

आता ओढण्याचं. कॅम्पर (मागे ओढायचं चाकांवरचं घर) जोडून बिग बेंड नॅशनल पार्कला निघालो, ट्रक 2.7 चाच. आय-10 हायवेवर पश्चिमेकडे वेगमर्यादा 80 होते, मीही तेवढ्याने हाणला. समोरून वारा. पंपावर मीटर थांबला तेव्हा भागाकार केला: 10.4. विश्वास बसेना म्हणून पावतीच्या मागे परत मांडून पाहिलं, आकडा तोच. परतताना 65 वर आलो आणि 12 च्या वर गेलो. 65 वरून 80 वर गेलं की हवेचा विरोध जवळपास दीडपट होतो, आणि कॅम्पर म्हणजे तर चालती भिंत. ओढायचं असेल तर टाकीचा आकार आधी विचारा. 23 गॅलनच्या टाकीवर अशा वेळी 200 मैलांनंतर जीव टांगणीला लागतो. 36 गॅलनची टाकी मिळत असेल तर सोडू नका.

इथे सिल्व्हराडोचं 3.0 लिटर ड्युरामॅक्स डिझेल पुढे आहे. त्याला टॉर्क (ओढायची ताकद) भरपूर, फोर-व्हील-ड्राइव्हमध्येही हायवेला साधारण 26 च्या आसपास, आणि ओझं जोडल्यावर गॅस इंजिनाइतकं कोसळत नाही. पण डिझेल बहुतेक वेळा गॅसपेक्षा महाग असतं, डीईएफ (धूर स्वच्छ करणारं द्रव) वेगळं भरावं लागतं, आणि रोज पाच मैल शाळा-किराणा एवढंच फिरणाऱ्याचा एक्झॉस्ट फिल्टर त्यातली काजळी जळून नीट साफ होत नाही. सुरुवातीच्या इंजिनांत ऑइल पंपाचा बेल्ट इंजिनाच्या मागच्या बाजूला आहे आणि तो दीड लाख मैलांवर बदलायचा असतो. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. जास्त चाललेला ट्रक घेत असाल तर हे काम झालंय का, याची पावती मागा.

माझं मत विचाराल तर, महिन्यातून एकदा होम डेपोतून घरदुरुस्तीचं सामान, गणपतीत मंडळाचं मखर आणि बाकी हायवे, एवढं काम असेल तर 2.7 घ्या. शहरातच फिरत असाल किंवा वीज जाण्याची धास्ती असेल तर हायब्रिड. दर महिन्याला कॅम्पर किंवा बोट ओढत असाल तरच डिझेल. व्ही-8 चा आवाज मला फार आवडतो, पण त्याच्यासाठी 2.7 पेक्षा वर्षाला 61 गॅलन जास्त मी मोजणार नाही.