पाचगणीची तीन दिवसांची ब्रेथवर्क परिषद: सकाळ वसूल, दुपार जपून

ब्रेथवर्क म्हणजे श्वासाचे सराव. परिषद आंतरराष्ट्रीय, पण पैसे वसूल झाले ते सकाळी साडेसहाच्या साध्या सत्रात. आधी चार मोजेपर्यंत नाकाने श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. दहा मिनिटं एवढंच. मग भ्रामरी: ओठ मिटलेले, दात एकमेकांना न टेकलेले, जीभ सैल, गुणगुण बारीक. आवाज मोठा काढायच्या नादात बहुतेकांची हनुवटी वर जाते आणि गळा आवळतो. शिकवणारे रांगेतून फिरून एकेकाची मान सरळ करत होते. गुणगुणताना सायनसमधला नायट्रिक ऑक्साइड वायू शांत उच्छ्वासाच्या सुमारे १५ पट बाहेर येतो, हे २००२ मध्ये मोजलं गेलं. तेही फळ्यावर आकृती काढून समजावलं. एका पाहुण्या वक्त्याने कपालभातीला प्राणायाम म्हटलं. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात ती षट्कर्मांत, म्हणजे शुद्धीच्या सहा क्रियांत येते; आठ कुंभक, म्हणजे प्राणायाम, वेगळे. असो.

दुपारचं सत्र मात्र हयगयीचं. तोंडाने, मध्ये न थांबता, तासभर जोरजोरात श्वास, वर ढोलाचं संगीत. मंचावरून सांगितलं गेलं की ऑक्सिजन वाढतो म्हणून झिणझिण्या येतात. चूक. निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजन आधीच ९५ टक्क्यांच्या वर असतो. अशा श्वासाने कार्बन डायऑक्साइड उतरतो, रक्त अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी पडतं. आधी ओठांभोवती मुंग्या, मग बोटं ताठ होऊन टोकाशी जुळतात आणि अंगठा तळव्यात ओढला जातो. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून गरगरतं. अशा वेळी तोंड मिटायचं, नाकाने हळू श्वास आणि लांब उच्छ्वास. थोड्या वेळात हात सुटतात. कागदी पिशवी तोंडाला लावू नका, त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर ती जिवावर बेतेल.

अशा जोराच्या श्वासाची होलोट्रॉपिक पद्धत काढणारे मानसोपचारतज्ज्ञ स्टॅनिस्लाव ग्रोफ यांच्या मूळ पद्धतीत प्रत्येकाजवळ एक सोबती बसतो. इथे ऐंशी गाद्यांना सहा मदतनीस. नोंदणीच्या फॉर्मवर टी-शर्टचं माप विचारलेलं. गरोदरपण, फिट येणं, काचबिंदू, रक्तदाब, हृदयविकार यांचा रकानाच नाही. यांपैकी काही असेल तर हे सत्र सरळ सोडा.

हेडफोनवरचं हिंदी भाषांतर एक वाक्य मागे. व्याख्यानात चालून जातं, पण समोरचा ‘सोडा’ म्हणतो तेव्हा कानात ‘घ्या’ येतं. सरावाच्या वेळी हेडफोन काढून शिकवणाऱ्याच्या हाताकडे बघा.

श्वास रोखायच्या सत्राला पूर्ण गुण. तीस खोल श्वास, मग सोडून थांबणं, सगळं आडवं पडून. ‘पाण्यात कधीही नाही’ हे तीनदा बजावलं आणि कारणही दिलं: कार्बन डायऑक्साइड आधीच उतरलेला असल्याने श्वासाची ओढ उशिरा लागते, तोवर ऑक्सिजन घसरून शुद्ध हरपते. सांगलीत कृष्णेत रोज सूर मारणाऱ्यांनी हे कान देऊन ऐकावं.

जेवण उत्तम आणि तीच अडचण. एक वाजता पिठलं, भाकरी, ठेचा. अडीचला जोराचा श्वास. भरल्या पोटाला निदान तीन तास हवेत. दुपारचं सत्र करायचंच असेल तर ताकावर भागवा.

गादी पातळ आणि खाली फरशी, म्हणून घोंगडी न्या. थंडीत इथली सकाळची हवा कोरडी असते. तोंडाने श्वास घेतला की खोकला उठतो, दमेकऱ्यांना जास्त. साताऱ्याहून वाईमार्गे एसटी आहे, पण साडेसहाचं सत्र गाठायचं तर मुक्काम पाचगणीतच हवा. दुचाकीने येणाऱ्यांनी दुपारच्या सत्रानंतर अर्धा तास बसावं, काही खावं, बोटांच्या मुंग्या गेल्यात याची खात्री करावी आणि मगच पसरणी घाट उतरावा.