आधी कात्री की नंतर खटला?

छापण्याआधी सरकारची परवानगी घ्यायला लावणं आणि छापल्यावर खटला भरणं, दोन्हींत मुस्कटदाबीच होते. तरी मला पहिली पद्धत जास्त घातक वाटते. तिथे मजकूर अधिकाऱ्याच्या टेबलावरच मरतो. काय कापलं हेच वाचकाला कळत नाही, मग तो विरोध तरी कशाला करणार? खटल्यात निदान शब्द लोकांपर्यंत पोचलेले असतात, सरकारला आरोप उघड मांडावा लागतो, वकिलाला उलटतपासणी घेता येते. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं छापण्यावर आधीच बंदी घालू दिली नाही. निकाल ६ विरुद्ध ३ मतांचा होता.

म्हणून दुसरी पद्धत सौम्य म्हणायची का? मुळीच नाही. इंग्लंडमध्ये १६९५ साली छपाईच्या परवान्याचा कायदा संपला, पण राजद्रोही लिखाणाचे खटले चालूच राहिले. ‘लिहिलंय ते खरं आहे’ हा बचावसुद्धा त्यांत चालत नसे! शिक्षेची धास्ती बसली की लेखक आपणच वाक्य खोडतो. त्यात कायद्याची भाषा मोघम असेल, तर कोणतं वाक्य गुन्हा ठरेल हे अटक होईपर्यंत त्याला कळत नाही.